सेमिनरीच्या भिंतीवरच्या सात काचा

आदरणीय मानांग पेट्रोनिला,

धाकट्या भावाने थोरल्या बहिणीचा हात मनातल्या मनात कपाळाला लावला, असं समजा. गुडघा कसा आहे? डुकरीण व्याली का? मी बरा आहे. इमारतीचं सांगता येत नाही.

आधी एक सांगा, तुमच्याकडे खोली घेऊन राहिलेला तो इंजिनिअर अब्लाझा माणूस कसा आहे? न्याहारीला गप्प असतो का? त्याच्याकडे नकाशे आहेत का? (मुद्दाम बघू नका; झाडताना नजर गेली तर गेली.) बिशपसाहेबांनी जुनी सेमिनरी तपासायला पाठवलंय, म्हणतो. पण तपासणारा माणूस भिंतीला कान लावतो का? टकटक करतो, वहीत लिहितो, मी जवळ गेलो की वही मिटतो. वर मलाच इतिहास विचारतो. मी सांगितला: खालचा मजला विटांचा, चुन्यात उसाची मळी, भिंत इतकी जाड की खिडकीच्या कट्ट्यावर दोन विद्यार्थी झोपायचे (त्यातला एक मी; पाद्री व्हायला आलो होतो, रोसेंडा दिसली आणि पाद्रीपण राहून गेलं); वरचा मजला लाकडी, शिंपल्यांच्या तावदानांचा; आणि युद्धात तीन महिने जपानी फौजेचा तळ. फौजेचं नाव काढताच त्याने मान वर केली. आता बोला.

न्हावी मानोंग कुलासला हे सांगितलं, तर त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावरच थांबला. म्हणाला, "दुलो, जपान्यांनी पुरलेलं सोनं. दुसरं काय असणार?" आणि दुसऱ्याच दिवशी अब्लाझाने उत्तरेच्या भिंतीतल्या भेगांवर सात ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या, खाली तारखा घातल्या आणि मला थोरल्या भावाचा मान देत म्हणाला, "मानोंग, यांना हात लावू नका हं." ज्याच्या मनात काही नाही, तो असं कशाला म्हणेल? बेचाळीस वर्षं इथल्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. रविवारी सगळे चर्चमध्ये मिस्सेला गेल्यावर मी छिन्नीने एकेक पट्टी उचकटून मागे पाहिलं. सगळीकडे वीट. काचा तुटल्या, त्या भाताच्या खळीने परत चिकटवून टाकल्या.

महिन्याने तो आला आणि काचा बघून पांढराफटक पडला. मग कळलं, की भिंत हलली तर काच तडकावी म्हणून त्या लावतात. एक तडकली तर काळजी; सातही तुटल्या म्हणजे भिंत कोसळायला निघाली. "मानोंग, आजच सामान काढा. तुम्ही आत असताना मला झोप लागणार नाही," म्हणाला. आता दाराला लाल फीत लागलीय, मंगळवारी बिशपसाहेब पाडायच्या कागदावर सही करणार आहेत, आणि मी कुलासच्या दुकानातल्या बाकावर झोपतो. तरी काचा मी उचकटल्या, हे त्याला सांगितलं नाही. सोनं काढायचं तर आधी इमारत रिकामीच करतील ना?

तुमचा आज्ञाधारक,
टेओडुलो

ता.क. मानांग, भिंत तसूभरही हललेली नाही. रोसेंडाने त्याच इमारतीत माझ्या मांडीवर डोळे मिटले, ती इमारत पडताना मला बघवणार नाही. मंगळवारच्या आत न्याहारीला त्याला सांगा, काचा माझ्या भावाने फोडल्या. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटते.

आणखी ता.क. सगळीकडे वीट लागली असं वर लिहिलंय, ते सहा काचांबद्दल. पाचवीमागे पोकळ वाजतं. हे त्याला सांगू नका. नुसतं "पाचवी" म्हणा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.