वाढ थांबेपर्यंत

९ ऑगस्ट

पाठीचा ब्रेस पुन्हा घट्ट. धाकटीच्या कमरेवर उजवीकडे लाल वळ उठलाय. दाबून पाहिला, रंग लगेच परतला. म्हणजे जखम नाही. ब्रेसच्या प्लास्टिकची कड गरम करून बाहेर वळवावी लागेल.

उंची मात्र मागच्या वेळेइतकीच! पट्टी वाकडी धरली असेल म्हणून पुन्हा मोजली. तीच. नुसती कमर रुंदावली आहे.

"ताई, अजून किती दिवस हे टरफल?" ब्रेसला ती टरफल म्हणते. म्हटलं, वाढ थांबेपर्यंत. एकदा वाढ थांबली की पाठीचा बाक सहसा पुढे सरकत नाही.

"मग टरफल जाणार. आणि तू पण."

ती विचारत नव्हती, सांगत होती. मी पट्टे आवळले.

१० ऑगस्ट

आईला जाऊन दीड वर्ष झालं. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि धाकटी खिडकीशी पाठमोरी उभी होती. उजवा खांदा वर. तेरा वर्षांची, घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं — मला शिकवलंयच ते. लोक रडत होते आणि मी मनात तिच्या पाठीचा कोन काढत होते.

तिचा ब्रेस मीच केला. त्यासाठी इथल्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. आधी जिथे ब्रेस बनवायचे, त्या शहरातल्या सरांनी माझी जागा राखून ठेवली आहे. "बहिणीचं आटोपलं की ये."

मी रडले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. सगळे म्हणाले, केवढी खंबीर!

१८ ऑगस्ट

कड वळवली, घासली. बाकी काही नाही.

२७ ऑगस्ट

सुट्टी. बाथरूममधलं कपाट पुसलं. वरच्या खणात मागे पॅडचं पाकीट. माझंच — इथे आले तेव्हा आणलेलं. मला लागत नाही. बरेच महिने लागलेलं नाही. ताणाने असं होतं, पुस्तकात आहे. कोणाला दाखवलेलं नाही. खण पुसून पाकीट होतं तिथे ठेवलं.

५ सप्टेंबर

सरांचा फोन. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते सांग, म्हणाले. नवीन मशीन आलंय, अंगाला प्लास्टर न लावता ब्रेसचं माप घेतं. आवाजात उत्साह होता. मी योग्य त्या ठिकाणी "अरे वा" म्हटलं.

बाबा नुकतेच बस डेपोत लावून आले होते, गणवेशातच बटाटे सोलत बसले. "जा तू. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही सोललेला बटाटा गोटीएवढा उरतो." दोघंही हसले. मला विनोद समजला.

१३ सप्टेंबर

तपासणी. हाडांच्या डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. पाळी सुरू झाली? धाकटी: "अजून नाही." दर वेळी हेच. मीही दर वेळी शेजारी बसून मान हलवते, जणू मला माहीत आहे.

मग बाईंनी एक्स-रे लावला. मी बाक पाहिला — आहे तिथेच आहे. बाई मात्र खाली पाहत होत्या, कमरेच्या हाडाकडे. वयात येताना त्या हाडाच्या काठावर एक पांढरी रेघ उगवते आणि हळूहळू टोकापर्यंत सरकते. पाळी आल्यावर बऱ्याच काळाने ती तिथे पोचते. धाकटीची पोचली होती.

"हाडं तर वेगळंच सांगतायत," बाई म्हणाल्या. मला बाहेर बसायला सांगितलं.

मला! मी बाहेर बसले. भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, त्यात डावा-उजवा पाय उलट छापलेला.

बाहेर येऊन धाकटी म्हणाली, "मी खोटं बोलत होते. आता काय ते बोल."

 घरी येऊन कपाट उघडलं. पाकीट होतं तिथेच. पण माझं मी उघडलेलं होतं, कोपरा फाडून. हे बंद आहे. न फाडलेलं. ऑगस्टमध्ये ते हातात धरून मी खाली पुसलं होतं!

१४ सप्टेंबर

विचारलं. कधीपासून?

"आई गेली त्याच आठवड्यात."

मला का नाही सांगितलंस?

"आले होते सांगायला. तू हॉस्पिटलचे कागद लावत बसली होतीस. मी दारात उभी. तू वर न बघता म्हणालीस, नंतर."

मला आठवत नाही. कागद आठवतात, पिवळी क्लिप आठवते. दार आठवत नाही.

"मग बाबांना सांगितलं. ते धावत दुकानात गेले आणि तान्ह्या बाळाचे लंगोट घेऊन आले!" ती हसायला लागली, हसता हसता थांबली. "दुसऱ्यांदा बरोबर आणले. तेव्हापासून तेच आणतात. डब्याच्या पिशवीतून."

आणि डॉक्टरांना का नाही? ब्रेस कधीच कमी करता आला असता, असं मी म्हटलं. हे पूर्ण खरं नाही. काही महिने आधी, फार तर. पण उन्हाळाभर, घामाने चिंब, त्या कडक प्लास्टिकमध्ये —

"तू टरफलासाठी थांबली होतीस, ताई. माझ्यासाठी नाही."

 

१५ सप्टेंबर

बाबा बसच्या आरशावर फडकं फिरवत होते. तुम्हाला माहीत होतं, मी म्हटलं.

"ती म्हणाली, ताईला नका सांगू. मी म्हटलं, अगं, पण का? तर म्हणे, ताई लिहून घेईल."

ते आरसाच पुसत राहिले. "मीही गप्प बसलो. तू घरात होतीस ना. बरं वाटायचं."

मी घरात होते. तसं म्हणता येईल.

२४ सप्टेंबर

डॉक्टरबाईंनी ब्रेस उतरवायला सांगितलाय, पण एकदम नाही. आधी दिवसा शाळेच्या वेळात काढायचा, मग हळूहळू रात्रीचाही. आज ती पहिल्यांदा त्याच्याशिवाय शाळेत गेली. फाटकाशी वळून ओरडली, "मी हलकी झाले!" मी खिडकीतून तिचे खांदे पाहिले. जवळजवळ समान. मग कोन काढायचं थांबवलं आणि नुसती ती दिसली. उंच आहे. आईपेक्षा उंच. हे कधी झालं?

२९ सप्टेंबर

सरांना "नाही" म्हणून कळवलं. ब्रेस पूर्ण सुटेपर्यंत इथेच आहे, आणि पुढचं पुढे. "मग जागा राहणार नाही हं." बरं, म्हटलं.

धाकटीला सांगितलं. "टरफलासाठी?" नाही, म्हटलं. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, जसं मी एक्स-रेकडे पाहते. "बघू," म्हणाली.

७ ऑक्टोबर

पाळी आली. आज, वर्कशॉपमधून आल्या आल्या. खणात हात घातला — खण रिकामा. तिने सगळं आपल्या खोलीत नेलंय, आता लपवायचं काय!

बाथरूमच्या दारातून धाकटीला हाक मारली. काय हवंय ते सांगितलं. 

पलीकडून तिचा आवाज: "नंतर!"

आणि लगेच खिदळत पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवलं. कोपरा आधीच फाडलेला. मी तिथेच, फरशीवर बसून रडले. किती वेळ ते पाहिलं नाही. ती दाराला टेकून बसून होती.