ठकूची उघडी कार्डं

१२ जून

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. म्हणजे माझ्या आधी सगळ्या इमारतीला पोचलं. आमच्याकडे टपाल खाली दाराजवळच्या टेबलावर ठेवतात, ज्याने त्याने आपलं उचलायचं. काल लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या जज्जबाईंनी विचारलं, की बहिणीच्या गुडघ्याची सूज उतरली का. मी तुझ्या गुडघ्याबद्दल त्यांच्यापाशी चकार शब्द काढलेला नाही. मला तर तो सुजल्याचंही ठाऊक नव्हतं! हसून हो म्हटलं आणि परत खाली जाऊन बघते, तर कार्ड टेबलावर, मजकुराची बाजू वर.

गुडघ्याचं एक वेळ चालेल. पण पुढे तू बाबांच्या हातगाडीचं लिहिलंस, आणि आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या फाटकातून ते नन्सच्या कपड्यांची गाठोडी कशी आत न्यायचे तेही. अगं, हे लिहायची काय गरज? मला का आठवत नाही? इथे लोकांना एवढंच माहीत आहे, की बाबा कापडाच्या धंद्यात होते. ते काही खोटं नाही. कापडच होतं ते.

तेव्हा यापुढे पाकिटात लिहीत जा. हस्ताक्षराच्या सिस्टर सांगायच्या ना, कार्ड दुकानदाराला पाठवावं आणि आपल्या माणसाला पाकीट. सोबत थोडी पाकिटं पाठवते आहे. फिकट निळी आहेत, आतून अस्तर लावलेली.

तुझ्या इथे येण्याचं बघते. सूनबाईच्या कलाने घ्यावं लागतं, तू समजून घेशील. लोभ आहेच, तो बंद करून पाठवावा.

तुझी ताई


१९ जून

ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटं मिळाली. फारच सुरेख आहेत. मी त्यांत बटणं ठेवली. रागावू नकोस, पण पाकीट आलं की मला धडधडतं. उघडायच्या आधीच वाटतं, कुणीतरी गेलं. कार्ड कसं, दारातूनच बोलत आत येतं.

जज्जबाईंना नमस्कार. बाई, वाचत असाल तर कळावं, सूज उतरली आहे. जिना मात्र अजून बसत बसत उतरते.

खाली आपल्या दुकानात आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. परवा एक म्हातारे गृहस्थ कोट घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले आणि हटेचनात. बाबा करायचे तशी इस्त्री कुठेच होत नाही, नातीच्या लग्नात हाच कोट घालायचा आहे, म्हणाले. शेवटी मी कोट वर आणला, ओलं फडकं घातलं आणि करून दिला. बाही ते इतका वेळ उलटसुलट करून बघत राहिले, की मला वाटलं काही जाळलं की काय मी.

ताई, हे गेले त्या दिवशी हॉस्पिटलात तू मला जवळ घेऊन म्हणालीस, की आता आपण दोघी एकत्र म्हाताऱ्या होऊ. मी तगादा लावत नाही. पण एकटीला संध्याकाळ फार लांब वाटते. हो की नाही, एवढं कळव. आणि सूनबाईला माझं नेमकं काय खुपतं, तेही.

जागा संपली. उरलेला लोभ कडेने उभा लिहिला आहे, मान वाकडी करून घ्यावा.

ठकू


१० जुलै

चि. ठकूस, अ. आ.

इथे काहीतरी शिजतंय. तुझं कोटाचं कार्ड मला मिळालं तेव्हा त्यावरचा शिक्का जुना झाला होता आणि वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक होतं. त्यानंतर एकही कार्ड नाही. तू लिहायची थांबणारी नव्हेस, म्हणजे मधल्यामध्ये कुणीतरी उचलतंय. जज्जबाई वाचतात, पण वाचून जागच्या जागी ठेवतात. तेवढी रीत त्यांना आहे. मग राहिलं कोण?

सूनबाई रोज सकाळी दवाखान्यात जाताना त्या टेबलापुढे थबकते. दातांची डॉक्टर ती, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायची सवय. काल मी जिन्याच्या वळणावर उभी राहून पाहिलं. तिने इकडेतिकडे बघून काहीतरी पर्समध्ये सरकवलं. दुपारी सहज विचारलं, तर म्हणाली विजेचं बिल. बिल बघून कुणी हसतं का? आणि हल्ली जेवताना माझ्याकडे फार मऊ नजरेने बघते. या मऊपणाचीच मला जास्त धास्ती वाटते.

तिच्या माहेरी भिंतीवर पणजोबांचं तैलचित्र आहे. आपल्या भिंतीला काय होतं? कपडे वाळत घालायच्या दोरीचे खिळे. ती कार्डं तिने वाचली असतील तर या घरात माझी काय किंमत राहील, तूच सांग.

तुझ्या येण्याचं विचारलंस म्हणून सांगते. तिने सरळच सांगितलं, की घरात आणखी एक माणूस तिला झेपणार नाही. मी काय करू? तू मनाला लावून घेऊ नकोस. गुडघा शेकत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


१६ जुलै

ती. मावशींना, सा. न. वि. वि.

तुमची कार्डं मी चोरते. आधी हे सांगून टाकते, मग पुढचं लिहायला जमेल.

सुरुवातीला नुसती उभ्याउभ्या वाचायचे. मग दवाखान्यात न्यायला लागले, संध्याकाळी परत ठेवू म्हणून, आणि राहूनच जायला लागलं. कोटाचं कार्ड तर मी खुर्चीसमोरच्या भिंतीवर टाचलं होतं. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला छतापेक्षा ते वाचायला बरं. एका बाईंनी तोंडात कापूस असताना हातवारे करून विचारलं, की लग्नात कोट घातला का. भोक पडल्यावर माझी मलाच लाज वाटली आणि ते आणून टेबलावर ठेवलं. पण सवय काही सुटली नाही. आमच्या घरी सगळे फार नीटनेटकं बोलतात, मावशी. तुमच्या कार्डांत माणसं होती.

आजोबांच्या लॉन्ड्रीचं मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तुमच्या भाच्यानेच सांगितलं. आई पाहुण्यांपुढे कापडाचा धंदा म्हणाल्या, की आम्ही दोघं ताटात बघतो. आईंना बोलायचं नसेल तर आपण कशाला उकरा, म्हणून कधी विषय काढला नाही.

आता खरं कारण. आई म्हणतात, तुम्हालाच इथे यायचं नाही, सुनेच्या राज्यात राहणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. पण कोटाच्या कार्डात तर तुम्हीच विचारताय, की मला काय खुपतं. मला काहीही खुपत नाही. मागच्या बाजूची उन्हाची खोली रिकामी करून मी पलंग लावून ठेवला आहे. तुम्हां दोघींत काय ठरलंय ते मला कळत नाही आणि आईंना विचारायचं धाडस होत नाही. राहिलेली कार्डं आजच त्यांच्या उशाशी ठेवते.

रागावला असाल तर तसं कार्डावर कळवा. मी वाचेनच.

तुमची चोर सूनबाई


२४ जुलै

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

आज तुझ्या निळ्या पाकिटातलं एक घेतलं आहे. हे जज्जबाईंनी वाचायचं नाही आणि सूनबाईनेही नाही.

सूनबाईचं पत्र आलं. ती म्हणते, माझ्यासाठी खोली लावून ठेवली आहे. मला तू कळवलंस, तिला झेपणार नाही. तिला सांगितलंस, मलाच यायचं नाही. ताई, तू मध्ये उभी राहून दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं होतंस. दमली असशील गं.

मी रागावले. दिवसभर रागावले. मग कपड्यांचा ढीग घेऊन इस्त्रीला बसले, राग उतरायला ते बरं असतं. फक्त एका अभ्र्याला चटका बसला.

तिला लॉन्ड्रीचं लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तुझ्या लेकानेच सांगितलंय. तू कापडाचा धंदा म्हणालीस की दोघं ताटात बघतात. राहता राहिल्या जज्जबाई, त्यांना माझ्या कार्डांनी केव्हाच सांगितलं, आणि तरी त्या लिफ्टमध्ये तुझ्याशी बोलतात. ती पोर तुझ्याकडे मऊ नजरेने बघते, तेव्हा एकदा तिच्याकडे तशीच बघ. धास्ती कसली घेतेस?

यापुढे खरं तर येते असं लिहायला हवं. सकाळी बॅग काढून पुसलीसुद्धा. पण मी येत नाही. तुझ्याकडे पहिल्याच दिवशी कुणीतरी चहाला येईल, वडील काय करायचे म्हणून विचारील, आणि मी तोंड उघडायच्या आत तू माझ्याकडे बघशील. ती नजर मला सोसायची नाही. संध्याकाळ लांब असली तरी ती माझी मी ढकलीन, पण स्वतःच्या बापाला परका करून उन्हाच्या खोलीत मला झोप लागायची नाही.

त्यापेक्षा आधी तू इकडे ये. सूनबाईलाही आण. मग काय ते दोघी मिळून ठरवू, तुझ्या घरी की माझ्या. येताना भारी साडी नेसू नकोस, जिना अरुंद आहे, भिंतीचा चुना लागतो. जिन्याखाली आलीस की नुसती हाक मार, मी उतरायला लागते; मला वेळ लागेल, तू तेवढी थांब.

माझा लोभ तुझ्यावर होता तेवढाच आहे. तू मात्र थोडी वाढ कर.

तुझी ठकू

ता. क. इतक्या वर्षांत गल्ली बदलली आहे, घर सापडलं नाही तर खालच्या मोबाईलवाल्याला विचार, लॉन्ड्रीवाल्यांची धाकटी कुठे राहते म्हणून. इथे मला सगळे तशीच ओळखतात. दुसरं काही सांगितलंस तर कुणी घर दाखवायचं नाही.