बेशरम हटाव, बोडी बचाव

२८ जून २००८
शाळा सुरू. यंदा 'हरित शाळा' ढाल आपलीच! शाळेमागची बोडी, म्हणजे छोटा तलाव, माझ्या पणजोबांनी खोदली. तलाव राखणं आमच्या रक्तातच आहे. ढालीवर नाव येणार : श्री. सेवकराम कापगते, सहायक शिक्षक. दोन ओळी लागतील.

२ जुलै
सातवीला बेशरमवर लेक्चर. हे झुडूप बाहेरून आलं, बोडी गिळत चाललं. एकतीस पोरांनी सगळं उपटलं. मी मार्गदर्शन केलं, काठावरून. मग 'बेशरम हटाव'च्या घोषणा देत रॅली. सावली बघून सरपंच मुन्नालालजींच्या दारात अर्धा तास थांबलो, घोषणा चालूच. ते हातातला चहा तसाच टाकून आत गेले आणि दार लावलं. फार लाजाळू माणूस.

५ जुलै, दुपार
शाळेपुढे पन्नास रोपं लावली. शेळ्या खाऊ नयेत म्हणून कुंपण हवं. आयडिया! उपटलेल्या बेशरमच्या काड्याच रोवल्या. टाकाऊतून टिकाऊ! उरलेल्या काड्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दडपल्या, माती धरेल. खिचडी शिजवणारी धुरपताबाई म्हणाली, "गुरुजी, बेशरम कायले गाडून राहिले जी? हे फुटते ना." तिला समजावलं, की उपटलेलं झाड मेलेलं असतं. सायन्स आहे.

२४ जुलै
कुंपणाला कोंब. ओलाव्याने होतं तसं. उद्या बघू.

१९ ऑगस्ट
कुंपण माझ्या डोक्याच्या वर! रोपं दिसत नाहीत, म्हणजे आत सुरक्षित आहेत. धुरपताबाई माझ्याकडे बघून हसून राहिली. कौतुकानेच असावं.

१४ सप्टेंबर
उद्या तपासणी. उत्तरं देणार नीतू, आमच्या वर्गाची हुशार मुलगी. आठवडाभर बजावतोय : मोठ्याने बोल, एकेक अक्षर स्पष्ट. नवीन शर्ट इस्त्री करून ठेवला.

१५ सप्टेंबर
तपासणीच्या मॅडम जीपमधून उतरल्या आणि कुंपण बघतच राहिल्या. कोणी लावलं हे? एकतीस बोटं माझ्याकडे. मी हात जोडले. मग मॅडमनी विचारलं, हे काय आहे?
नीतू मोठ्याने म्हणाली, एकेक अक्षर स्पष्ट, "बेशरम, मॅडम!"
मॅडमनी लिहून घेतलं. झाडाच्या रकान्यात की शिक्षकाच्या, ते दिसलं नाही.
शेवटी म्हणाल्या, चला, आता तुमची बोडी दाखवा. मी मागे नेलं. पाळीवरून आतपर्यंत बेशरमची फिकट जांभळी फुलंच फुलं. पणजोबा, माफ करा.
मॅडमनी पुन्हा विचारलं, बोडी कुठे आहे?
धुरपताबाईच पुढे झाली. म्हणाली, "इथंच होती जी. जुलैपर्यंत."