नावाखालची मोकळी ओळ

बुधवार, संध्याकाळ. बोईसर.

बेटेगावच्या पाण्याच्या टाकीचा उद्घाटनाचा दगड कोरायला घेतलाय, पण हात चालत नाही. मंत्रीसाहेबांचा माणूस दुकानात येऊन सांगून गेला, "साहेबांच्या नावाखाली पद घालू नकोस. ती ओळ मोकळी ठेव."

का?

साहेब सरपंच होते तेव्हापासून त्यांचे दगड मीच कोरतो. मग सभापती, आमदार, मंत्री. पद बारीक अक्षरात आलं म्हणून एक दगड त्यांनी परत पाठवला होता. तेच साहेब आता पदच नको म्हणतात? मोठं खातं मिळतंय, की आहे तेही जातंय? विचारलं तर तो माणूस नुसता हसला. "तारीखपण मोकळी राहू दे."

म्हणजे त्यालाही माहीत नाही. की माहीत आहे, म्हणूनच हसला?

घरी बायकोला सांगितलं. तिचं माहेर बेटेगाव. ती म्हणाली, "त्या टाकीत अजून पानी नाय. आई आजपन हंडा घेऊन बोरिंगवर गेलती."

दिवसभर मी त्या मोकळ्या ओळीचाच विचार करत होतो. पाण्याचं विचारायचं मलाही सुचलं नाही. आणि 'घरोघरी नळाचे पाणी' ही ओळ मात्र सकाळीच खोल कोरून बसलोय.