कवठखोरीचा जुना काटा

२ डिसेंबर १९९६, सोमवार

मिरजगावच्या ज्या दूध संघात रोज हजारो लिटर दूध येतं, तिथे कर्मचाऱ्यांना चहा मात्र कोरा मिळतो. ही तक्रार मी पूर्ण गांभीर्याने नोंदवून ठेवतो. लेखनिक कारभारी गव्हाणे म्हणाले, की दूध सभासदांचं, आपलं न्हाई. आपलं म्हणाल तर उकळतं पाणी, ते लागंल तेवढं घ्या, पंडित.

पहिल्याच दिवशी मी पंडित झालो. नगरच्या शाळेतला संस्कृतचा वर्ग बंद पडला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी संगणक शिकावा लागला, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं. बाकी जागा छान आहे. खोली मिळाली, खोलीत ऊन येतं. आणि सायली, माझी एकुलती लेक, इथून नऊ किलोमीटरवर कवठखोरीच्या शाळेत शिकवते. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. ही नोकरी घेतली ती त्यासाठीच.

५ डिसेंबर, गुरुवार

काम समजलं. संघाची एकतीस गावं. प्रत्येक गावच्या केंद्रात विजेवरचा काटा, आणि काट्यात तळहाताएवढी नोंदपेटी. सकाळी टेम्पो कॅनबरोबर पेट्या आणतो. मी पेटी संगणकाला जोडली की वजनं पडद्यावर येतात. पेटीचं बोलणं संगणकाला समजावून सांगणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. कारभारींनी विचारलं, की तुमचा ड्रायव्हर जेवायला कवा जातो. मी म्हटलं, तो एकादशीव्रती आहे. ते हसले नाहीत, पण बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला सांगितलं, मग दोघं हसले.

८ डिसेंबर, रविवार

सायलीकडे जेवलो. बाजरीची भाकरी, मेथी, आणि दूध घातलेला चहा. गावचं केंद्र साळूबाई नावाच्या बाई चालवतात. संघाने नवा काटा दिला तो त्यांनी खोक्यातच ठेवलाय. जुन्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहतात. पुजलेला काटा उकिरड्यावर कसा टाकू, बया, लक्ष्मी हाय ती, असं त्या सायलीला म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो. निघताना तिने माझ्या स्वेटरचं बटण शिवून दिलं.

११ डिसेंबर, बुधवार

थंडीत दूध वाढलं. नोंदी वाढल्या आणि संगणक सारखा गोठतोय. मेमरी पुरत नाही. ड्रायव्हर उघडून पाहिला, तर चार बनावटींच्या काट्यांची सोय त्यात. रजिस्टर म्हणतं, एकतीसही गावांत नवा काटा. मग उरलेल्या तीन जुन्या काट्यांचं ओझं कशाला? सूत्रं पाठ केलेल्या माणसाला काटछाटीचं व्यसन असतं. तीनदा वाचून खात्री केली आणि तिन्ही काढले. सगळ्यात जुन्याच्याच दोनशे बारा ओळी होत्या. एकच धड फ्लॉपी होती, तिच्यावरची जुनी प्रत पुसून नवी उतरवली.

यंत्र वाऱ्यासारखं चाललं. चेअरमनसाहेबांनी पाठ थोपटली.

१२ डिसेंबर, गुरुवार

पेट्या तीस आल्या. कारभारींना विचारलं, एक कुठाय. ते म्हणाले, गावंच तीस हायेत. रजिस्टर काढून दाखवलं. तीस नावं, सलग क्रमांक, खाडाखोड नाही.

तेव्हा मला साळूबाईंचा जुना काटा आठवला. काल आठवला नव्हता.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कवठखोरीला जायला एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, असं गाव या रस्त्याला न्हाई, पंचवीस वर्सं ह्याच रूटवर हाय मी. उतरून चालत गेलो. अलीकडच्या गावच्या शिवेवरची ज्वारी पलीकडच्या गावच्या ज्वारीला लागून. मध्ये बांध. लागोपाठच्या दोन मैलाच्या दगडांवरच्या आकड्यांत चार किलोमीटरांची तफावत.

शिक्षण खात्यात चौकशी केली. तिथल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, या नावाची शिक्षिका नाही. ती तुमची कोण, असंही विचारलं.

स्वेटरचं बटण तुटलेलं आहे.

१५ डिसेंबर, रविवार

पुण्याला, काटे बनवणाऱ्यांच्या घरी फोन केला. तसली बनावट आम्ही कधी काढलीच नाही, म्हणाले.

मग एकच उपाय. ओळी आठवायच्या. लहानपणी पाठ करण्यासाठी छड्या खाल्ल्या, त्या आज कामी याव्यात. तीनदा वाचल्यात. दिवसभरात चौसष्ट जमल्या. पेटीतलं वजन उचलण्याचा भाग तेवढा. पुढचा, नावांचा, येत नाही.

सायलीचा चेहरा आठवताना मी आठ तारखेचं पान वाचतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

चौसष्ट ओळी घातल्या. पेट्या एकतीस. कुणाला आश्चर्य नाही.

गेलो. गाव आहे. साळूबाई केंद्राच्या ओट्यावर. नमस्कार केला. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, एकसष्ट किलो चारशे.

शाळेत पोरं रांगेत बसलेली. एकेक उठतं, आपला आकडा सांगतं, बसतं. सायली फळ्याशी. मी हाक मारली. तिने मान वळवली, डोळे तिचेच. बाबा म्हणाली नाही. म्हणाली, एकसष्ट चारशे.

माझं वजन तेवढंच. परतल्यावर संघातल्या काट्यावर उभा राहून पाहिलं.

१९ डिसेंबर

यंत्र पुन्हा गोठलं. दोन हजार लिटरची नोंद गेली. चेअरमनसाहेब म्हणाले, परवा काय ते घुसडलं ते काढा. उद्या सकाळपर्यंत.

बसलो. आणखी तीन ओळी आठवल्या. मग त्याच तीन पुन्हा. नवं काही नाही.

२० डिसेंबर, पहाटे

काढलं तर ती नाही. ठेवलं तर ती तशी —

रडू यायला हवं होतं. वाट पाहिली. आलं नाही. कोरा चहा घेतला. तक्रार करावीशीसुद्धा वाटली नाही.

खरं लिहितो. भीती गाव जाण्याची नाही, तिच्या आकड्यांचीही नाही. आठ तारखेचं पान मघाशी वाचलं, आणि कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटलं. सात वाजता चेअरमनसाहेब दारात येतील, काढा म्हणतील, आणि मी काढीन, आणि मला काहीच —