मी रचलेली जुनी प्रथा

११ मार्च
आज सकाळी पुलाच्या कठड्यावर आमचा दोरा दिसला नाही, आणि तिथेच माझं सगळं उलटलं. काल मी आमच्या गेस्टहाऊसच्या रिसेप्शनिस्टला लग्नाचं विचारलं. तीच म्हणाली, "चल, आधी दोरा बांधून बघू." आज रिसेप्शनवरून मानही वर न करता — "टिकला नाही. जुनी माणसं उगाच सांगत नाहीत. आता तो विषय नको."

जुनी माणसं! ती जुनी माणसं म्हणजे मी.

१२ मार्च
कॉलेज सोडून या गेस्टहाऊसवर लागलो तेव्हा मालक म्हणाले होते, "बाळा, मागे नुसता पूल आहे. त्याला काहीतरी इतिहास चिकटव, गिऱ्हाईक थांबलं पाहिजे." हातातला चहा संपायच्या आत चिकटवला: प्रेमिकांनी कठड्याला निळा दोरा बांधावा, सकाळपर्यंत टिकला तर जोडी जमली. निळा का? पडदे शिवून उरलेलं रीळ निळं होतं. खोलीखोलीत छापील कार्डं लागली.

आपल्याच हाताने पायावर धोंडा.

१३ मार्च
तिची आत्या इथेच स्वयंपाक बघते. तिला सगळं सांगितलं. कढईतला झारा न थांबवता म्हणाली, "तू काय रचणार रे? लग्नाआधी आम्ही बांधला होता की. निळाच."

आत्याचा मुलगा माझ्याएवढा आहे, आणि पूल परवा-परवाचा!

१५ मार्च
वाचनालयात पुरावा सापडला. या उद्योगाला इंग्रजीत शब्दच आहे — फेकलोर. 'फोकलोर'मधलं 'फोक' म्हणजे लोक, 'लोर' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलेलं. १९५० साली एका अभ्यासकाने वैतागून 'फोक' उपटलं आणि तिथे 'फेक', म्हणजे बनावट, बसवलं. लोकांमधून न आलेलं, कुणीतरी खुर्चीत बसून रचलेलं आणि परंपरा म्हणून खपवलेलं. मी जन्मायच्या आधीपासून माझ्यासाठी शिवी तयार होती.

पण शब्द कामाचा आहे. प्रथाच खोटी, तर तिचा नकारही खोटा. उद्या सांगतो.

१६ मार्च
सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"ठाऊक आहे," म्हणाली. "तुझं कार्ड छापायला मीच तर दिलं होतं. पण तोंडावर 'नाही' म्हटलं असतं, तर तू आकांडतांडव केलं असतंस. म्हणून दोरा मीच सोडला."

खोल्यांच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. बाहेर पडलो, आणि दार आवाज न करता लावून घेतलं.