मुठीतली चावी

प्रिय चिमणे,

तू फोनमध्ये घालून दिलेलं ते खरेदी-विक्रीचं ॲप मी वापरलं. हे वाचून खुर्चीतून पडली नसशील तर पुढे वाच. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू गेल्यावर मी फोन पुन्हा टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता. गेल्या वर्षी फोनवरच्या एका गोडबोल्या भामट्याने "काका, पैसे पाठवतो, फक्त हे बटण दाबा" म्हणत आपलेच पैसे नेले, तेव्हापासून नुसती रिंग वाजली तरी मी दोन पावलं मागे सरतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण तुझ्याकडे राहायला यायचं म्हणून महिनाअखेर दुकान रिकामं करायचं ठरलेलं, आणि चाव्या कापायचं मशीन न्यायला भंगारवाला दारात. त्याने मशीनला हातही लावला नाही, वजन किती भरेल एवढंच विचारलं. तुझी आई त्या मशीनला सवत म्हणायची. सवतीलासुद्धा कोणी किलोवर विकत नाही गं.

म्हणून फोन बाहेर काढला. तू शिकवलंस तसा मशीनचा फोटो घेतला. वस्तूचे दोष आधी लिहा, असं तिथे म्हटलं होतं. ते मला आवडलं. डावी पकड ढिली, पट्टा झिजलेला, चालू करताना खोकतं, असं सगळं लिहिलं आणि शेवटचं बटण दाबलं. दाबलं आणि मग लक्षात आलं. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या घराची चावी मशीनच्या पकडीत तशीच होती, आणि ती फोटोत आली होती! आमच्या धंद्यात चावीचा फोटो म्हणजे चावीच. दाते नीट दिसले की जाणता माणूस तशीच दुसरी कापतो. आयुष्यभर लोकांनी माझ्या भरवशावर घरं सोडली, आणि म्हातारपणी मी एका बाईचं दार सताड उघडं टाकलं. फोन पालथा घालून स्टुलावर बसलो.

मग बघतो तर फोटो गेलेलाच नव्हता. पडद्यावर अक्षरं आली होती, "फोटोत चावी दिसते आहे. झाकू का?" मी 'हो' दाबलं. चावीवर धुकं पडलं, दाते पुसले गेले, मशीन मात्र लख्ख. चिमणे, मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नाना तऱ्हेची कुलपं खोलली मी, पण मालकाची चूक पोटात घालणारं कुलूप या जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं नवल आणखी वेगळं. माझा नंबर कोणाला दिसला नाही, पत्ता दिसला नाही, आणि विचारणारे सगळे आसपासचेच. आधी वाचनालयाच्या पायऱ्यांवर चारचौघांत भेटायचं, पटलं तर वस्तू दाखवायची, चालवून बघितल्यावर व्यवहार, हेही त्या ॲपनेच सुचवलं. तरी मी पाकीट मोज्यात घालून गेलो. माझा स्वभाव का बदलणार आहे? तर समोरून कडेवर मूल घेतलेली एक बाई आली नि म्हणाली, "काका, तुम्हीच ना? खोकणारं मशीन म्हटल्यावर मी ओळखलंच!" अगं, ती आपल्या दुकानाच्या भिंतीपलीकडे राहते. तिचं मूल आपल्या मशीनच्या आवाजावर झोपतं. मशीन थांबलं की भोकाड पसरतं. मी रोज भिंतीकडे पाठ करून बसलो आणि पलीकडे एक जीव माझ्या घरघरीवर झोपत होता, हे मला त्या ॲपने सांगितलं! ती घरी शर्टांना बटणं लावते, नजर बारीक आहे, तिला हा धंदा करायचाय. दुकान भाड्याने घ्यायचंही जागेच्या मालकाशी बोलून आली होती. मी म्हटलं, नुसतं मशीन नेऊन जमायचं नाही. तर हसून विचारते कशी, "मग माणूसही विकायला काढलाय का, काका?"

घरी आल्यावर एकच विचार. त्या ॲपला चावी म्हणजे काय हे सांगितलं कोणी? ते तुझ्या ऑफिसात तयार होतं एवढंच मला माहीत होतं, तुझं काम विचारलं की तू म्हणायचीस, "काही नाही बाबा, पडद्यासमोर बसते." लहानपणी तू दुकानाच्या फळीवर बसायचीस, आणि गिऱ्हाइकाची चावी हातात दिली की मी बजावायचो, मूठ मीट, चावी चारचौघांत उघडी धरायची नसते. तुझी एवढीशी मूठ पांढरी पडेपर्यंत आवळलेली असायची. ती तू अजून उघडली नाहीस, होय ना? मला वाटायचं, माझ्या धंद्यातलं तुझ्या काही उपयोगाचं नाही.

तर पत्र एवढ्यासाठी की तू माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीस, तिथे तूर्त दुसरं काहीतरी ठेव. येत्या रविवारी मला न्यायला येऊ नकोस. माणूस विकला गेलाय, सकाळच्या वेळेपुरता. भिंतीपलीकडच्या त्या पोरीला कानस धरायला शिकवतोय. न्यायला नको, भेटायला ये. एवढा घाबरट असूनही मी घराचं कुलूप बदललेलं नाही. तुझी चावी अजून लागते.

तुझाच, पाकीट अजून मोज्यातच ठेवणारा,
बाबा